पस्तिसावा हिस्सा

प्रस्तावना

‘टँक’ आणि ‘रणगाडा’ ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, परंतु ती जन्मली मात्र अगदी वेगळ्या हेतूंनी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हे नवे यंत्र तयार होत असताना त्याचा सुगावा शत्रूला लागू नये म्हणून, या पाण्याच्या टाक्या आहेत, अशी हूल उठवण्यात आली. यंत्र १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर उतरले, गुपित फुटले, आणि टाकीचे नाव तेवढे कायमचे चिकटून राहिले. मराठीने हे लपवाछपवीचे नाव व्यवहारात वापरले, पण स्वतःचा शब्द घडवला तो डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावरून : रणातला गाडा. ‘गाडी’ नव्हे, ‘गाडा’. म्हणजे अवजड, दणकट, वाट तुडवीत जाणारा.

या पाठात आपण अशा एका रणगाड्याची लहान प्रतिकृती पुठ्ठ्यातून कशी घडते आणि कशी रंगते, हे पाहणार आहोत. पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला प्रमाण म्हणजे काय ते सांगता येईल. छायाचित्रावरून माप काढता येईल. आणि एखाद्या कृतीचे वर्णन क्रमाने व नेमक्या शब्दांत लिहिता येईल.

मूळ पाठ

रायपूरच्या गुढियारी भागात आमचे घर आहे. गुढियारी म्हणजे घाऊक व्यापाराची पेठ. सकाळपासून तांदूळ, डाळ, साखर यांच्या पोत्यांची चढउतार चालू असते. जवळूनच मुंबई–हावडा रेल्वेमार्ग जातो. त्या मार्गावर एकदा मी एक लष्करी मालगाडी उभी असलेली पाहिली. उघड्या सपाट वाघिणींवर ताडपत्रीखाली झाकलेले काहीतरी होते. ताडपत्रीच्या टोकातून तोफेची नळी बाहेर डोकावत होती, म्हणून ते रणगाडे आहेत हे कळले. एरवी ते गवताच्या गंजीसारखे दिसले असते. त्या ताडपत्रीखाली नेमके काय असते, हे कुतूहल मनात राहून गेले.

पुढे अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) जाण्याचा योग आला. तेथे चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ साली उभारलेले रणगाडा संग्रहालय आहे. मोकळ्या आवारात देशोदेशींचे रणगाडे मांडलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धातले माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शेर्मन तेथे आहेत; आपल्या सैन्याने वापरलेले सेंच्युरियन आणि आवडीच्या कारखान्यात बांधलेले विजयंता आहेत; १९६५ च्या युद्धात हाती आलेले पॅटनही आहेत. चित्रात पाहिलेली वस्तू प्रत्यक्षात पाहिली की पहिला धक्का बसतो तो आकाराचा. सेंच्युरियनच्या शेजारी उभा राहिलो तेव्हा माझे डोके त्याच्या पट्ट्यांवरच्या झाकणीच्या थोडे वर आले, इतकेच. त्यावर बुरूज, आणि बुरुजावर आणखी झडपा.

घरी परतल्यावर त्याची प्रतिकृती करायचे मी ठरवले. बाजारात प्लास्टिकचे तयार भाग मिळतात, ते कापून जोडायचे असतात. पण ते महाग असतात, आणि गुढियारीत पुठ्ठ्याला तोटा नाही.

प्रतिकृतीचे पहिले काम हातात कात्री घेण्याचे नसून प्रमाण ठरवण्याचे असते. मी एकास पस्तीस हे प्रमाण घेतले. म्हणजे मूळ वस्तूवरील ३५ मिलिमीटर अंतर प्रतिकृतीत १ मिलिमीटर होते. जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृतींसाठी हेच प्रमाण सर्वांत रूढ आहे. हा आकडा कोणा गणितज्ञाने विचारपूर्वक निवडला असेल असे वाटते. पण तसे नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस जपानमधील तामिया या खेळणी-कारखान्याने विजेरीवर चालणारा एक रणगाडा काढला. त्याच्या पोटात विद्युत-घट नीट बसावेत एवढा त्याचा आकार ठेवला, आणि तो आकार मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाइतका भरला. पुढे तेच प्रमाण झाले. पुष्कळशा प्रमाणित गोष्टी अशाच, सोयीतून जन्मलेल्या असतात.

सेंच्युरियनचे धड, तोफ वगळून, सुमारे ७.६ मीटर लांब. रुंदी सुमारे ३.३९ मीटर आणि उंची सुमारे ३ मीटर. या प्रत्येक आकड्याला ३५ ने भागले की लांबी २१७, रुंदी ९७ आणि उंची ८६ मिलिमीटर येते. माणूस पाच फूट नऊ इंच उंचीचा धरला तर प्रतिकृतीत तो पाच सेंटिमीटरचा होतो. आणखी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही मापे ३५ पट घटल्यामुळे आकारमान ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पट घटते. सेंच्युरियनचे वजन सुमारे ५२ टन. त्याच पोलादाची हुबेहूब प्रतिकृती केली तर तिचे वजन सव्वा किलोसुद्धा भरणार नाही. लांबी पस्तिसावा हिस्सा झाली म्हणून वजनही पस्तिसावा हिस्सा होईल असे मानले, तर उत्तर दीड टनाच्या आसपास येईल! परीक्षेत अनेकजण नेमके हेच करतात.

पुठ्ठा निवडतानाही मला प्रमाणाने मदत केली. या रणगाड्याच्या धडाच्या पुढच्या बाजूचे चिलखत ७६ मिलिमीटर जाडीचे होते. भागाकार केला तर २ मिलिमीटरपेक्षा किंचित अधिक. वहीच्या बांधणीचा जाड पुठ्ठा तेवढाच असतो. बुरुजाचे पुढचे चिलखत त्याच्या दुप्पट, १५२ मिलिमीटर; तेथे पुठ्ठ्याचे दोन थर डकवले. बाजूंना पातळ पुठ्ठा पुरला. पुठ्ठ्याचे थर एकावर एक ठेवताना जाणवले की चिलखत सगळीकडे सारखे नसते. समोरून येणारा मारा सर्वांत संभवनीय, म्हणून जाडी पुढे. बाजू आणि पाठ त्या मानाने दुबळ्या. रणगाड्याने शत्रूकडे तोंड ठेवण्याची धडपड का करावी, याचे कारण माझ्या टेबलावर होते.

धड झाले. चाकांसाठी मी सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे जमवली होती. गोल, एकसारखी आणि फुकटची. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूस सहा चाके असतात, तेवढी बुचे मी ओळीने चिकटवली. काम मला सुबक वाटले.

त्या दिवसांत संध्याकाळी माझ्याकडे दहावीच्या अभ्यासासाठी एक गृहस्थ येत असत. मूळचे गोंदिया जिल्ह्यातले, वय चाळिशीच्या पुढे, पेठेत पोती उचलण्याचे काम. घरच्या अडचणींमुळे सातवीनंतर शाळा सुटलेली. भाषा विषय त्यांना आवडे. त्रैराशिक म्हटले की मात्र ते वही मिटून ठेवीत. त्यांनी माझा रणगाडा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले,

“सर, याले तं बैलगाडीचे चाकं लागले न जी!”

मी म्हटले, “भाऊ, चाके सहाच आहेत. चित्रातही सहाच आहेत.”

“सहाच हायेत जी, पण चित्रात मागं-पुढं आणखी एकएक चाक दिसते. तुमच्या गाड्यात त्यायले जागाच नाही उरली.”

त्यांचे म्हणणे खरे होते. बुचाचा व्यास ३२ मिलिमीटर. सहा बुचांनी १९२ मिलिमीटर जागा व्यापली. धड २१७ मिलिमीटरचे. उरलेल्या २५ मिलिमीटरमध्ये पट्टा ओढणारे मागचे दातेरी चाक आणि पट्टा ताणून धरणारे पुढचे चाक बसवायचे कोठे? आकड्यांचा एवढा बडिवार माजवूनही चाके मोजायची राहिली होती. मिळालेली वस्तू वापरायचा मोह झाला, हे त्याचे कारण.

मग आम्ही दोघे छायाचित्र घेऊन बसलो. छायाचित्र रणगाड्याच्या अगदी बाजूने, समोर उभे राहून काढलेले असावे लागते. तिरप्या चित्रावरून काढलेले माप फसवते. आमच्या चित्रात धडाची लांबी १९ सेंटिमीटर भरली आणि चाकाचा व्यास २ सेंटिमीटर. १९ सेंटिमीटर म्हणजे प्रतिकृतीत २१७ मिलिमीटर, तर २ सेंटिमीटर म्हणजे किती? भाऊंनी पेन्सिल घेतली. बराच वेळ गेला. मी मुद्दामच बोललो नाही. शेवटी त्यांनी २१७ ला २ ने गुणून १९ ने भागले आणि २३ ला थोडे कमी असे उत्तर काढले. “हेच काय जी ते त्रैराशिक?” त्यांनी विचारले. मी मान हलवली. पोत्यांचा हिशेब ते तोंडी करीत, त्यातही हेच असते, हे त्यांचे त्यांनाच उमगले.

रुपयाचे २०११ नंतरचे नाणे सुमारे २२ मिलिमीटरचे असते. ते पुठ्ठ्यावर ठेवून कडेने रेघ ओढायची आणि रेघेच्या बाहेरून कापायचे, की हवे ते माप मिळते. सेंच्युरियनचे प्रत्येक चाक जोडचाक असते. दोन चकत्यांच्या मधल्या फटीतून पट्ट्याचे दाते सरकतात, म्हणून पट्टा घसरत नाही. तेव्हा बारा जोड्यांसाठी चोवीस चकत्या लागल्या. त्या साऱ्या भाऊंनी कापल्या. पट्ट्याची मूळ रुंदी ६१ सेंटिमीटर. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून सुमारे साडेसतरा मिलिमीटरची पट्टी कापावी असा माझा आग्रह होता, पण ट्यूब आणि कात्री यांनी तो मानला नाही. सतरावर आम्ही समाधान मानले.

तोफेच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. सेंच्युरियनवर आधी १७ पौंडी, मग २० पौंडी आणि पुढे १०५ मिलिमीटरची तोफ आली. नळीची लांबी आणि रूप प्रत्येक वेळी बदलले. तुम्ही कोणत्या सालचा, कोणाचा रणगाडा करता आहात, हे ठरल्याशिवाय नळी गुंडाळायला घेऊ नये. ‘एक सेंच्युरियन’ असा रणगाडा जगात कोठेच नसतो. असतो तो विशिष्ट पलटणीचा, विशिष्ट दिवशीचा.

पाठगत प्रश्न

१. ‘टँक’ हे नाव का पडले? ‘रणगाडा’ हा शब्द त्याहून अधिक अर्थपूर्ण आहे, असे तुम्हांला वाटते का?
२. लेखकाच्या रणगाड्याची चाके का चुकली? कारण आकड्यांसह लिहा.
३. दहा मीटर लांबीच्या आगगाडीच्या डब्याची एकास पन्नास या प्रमाणात प्रतिकृती केली तर तिची लांबी किती होईल?

आम्ही निवडला तो रणगाडा ‘फामागुस्ता’ या नावाचा. सायप्रस बेटावरील एका बंदराचे हे नाव. पूना हॉर्स या रिसाल्याचा तो रणगाडा. हा रिसाला १८१७ साली पुण्यात उभा राहिला. घोडे जाऊन रणगाडे आले तरी नाव राहिले. १९६५ च्या युद्धात याच रिसाल्याचे नेतृत्व करीत असता लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबर रोजी धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. सहा वर्षांनी ‘फामागुस्ता’वर होते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला; सैनिकी शिक्षण खडकवासल्याच्या प्रबोधिनीत. सैन्यात अधिकारी म्हणून रुजू होऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते.

१६ डिसेंबर १९७१. शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे जरपाल गावाजवळ आपल्या सैन्याने पाय रोवला होता. सुरुंग पुरते काढून झाले नव्हते, तरी पूना हॉर्सचे रणगाडे त्यांतूनच पलीकडे गेले होते. शत्रूच्या पॅटन रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला तेव्हा मदतीची हाक आली आणि खेत्रपाल धावले. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले. त्यांतील चार खेत्रपाल यांनी टिपल्याचे त्यांच्या परमवीरचक्राच्या सन्मानपत्रात नमूद आहे. ‘फामागुस्ता’ला गोळा लागून तो पेटला. रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा आदेश आला. आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवून त्यांनी मागे येण्यास नकार दिला. नंतरच्या आघातात ते गेले. वय एकवीस.

हे मी सांगत असताना भाऊ बुरूज हातात धरून बसले होते. त्यांनी विचारले, “आत किती जन बसतात जी?”

“चार.”

“मंग बाकीचे तिघं कोन होते?”

प्रश्न रास्त होता. पराक्रमाच्या कथा एका नावावर थांबतात. रणगाडा मात्र एका माणसाने चालत नाही. ‘फामागुस्ता’चा चालक होता सवार प्रयाग सिंह, तोफ डागणारा सवार नाथू सिंह, आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा सवार नंद सिंह. नंद सिंहही त्या दिवशी रणगाड्यातच मारला गेला. उरलेले दोघे वाचले.

भाऊंनी मग कागद भिजवून लगद्याची चार माणसे केली, बसलेली. बसलेला माणूस या प्रमाणात चार सेंटिमीटरही भरत नाही. चालक पुढे उजवीकडे, एकटा. बुरुजात तिघे : उजवीकडे तोफ डागणारा, त्याच्या पाठीशी अधिकारी, आणि तोफेच्या पलीकडे डावीकडे तिसरा, ज्याच्याकडे तोफ भरण्याचेही काम असते. तोफेचा मागचा भाग मधोमध आत येतो, हे मी विसरलो होतो. तो बसवल्यावर तिघांना गुडघे हलवायलाही जागा उरली नाही. बाहेरून एवढा अवाढव्य दिसणारा गाडा आतून एखाद्या अडगळीच्या खोलीएवढा निघाला. बुरूज बसवल्यावर ही चारही माणसे दिसणार नव्हती. तरीही ती आत ठेवावीत, असा भाऊंनी हट्ट धरला, आणि मी तो मोडला नाही.

आता रंगाविषयी. पुठ्ठ्यावर थेट रंग देऊ नये. तो शोषला जातो आणि पुठ्ठा फुगतो. आधी पातळ डिंकाचा एक हात द्यावा, वाळल्यावर पॉलिश पेपरने हलके घासावे, मग राखाडी रंगाचे अस्तर. अस्तर दिल्याबरोबर सगळ्या चुका उघड्या पडतात. फटी, डिंकाचे ओघळ, वाकड्या कडा. त्या तेव्हाच दुरुस्त कराव्या. त्यानंतर लष्करी हिरव्या रंगाचे दोन पातळ हात. जाड हात देण्याची घाई करू नये. रंगाचा थर दशांश एक मिलिमीटर जाड बसला, तर मूळ रणगाड्यावर तो साडेतीन मिलिमीटरचा झाला, आणि एवढा जाड रंग कोणी देत नाही. रंग डबीतला जसाच्या तसा वापरला की प्रतिकृती काळवंडलेली दिसते. लहान वस्तूवर रंग गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा. मग फटींत आणि खाचांत गडद तपकिरी रंगाचे पातळ पाणी सोडावे, ते आपोआप कोपऱ्यांत साचते. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवरून फिकट रंग फिरवावा. या दोन कृतींनी सपाट पुठ्ठ्याला पोलादाचा भरीवपणा येतो. कसा येतो ते शब्दांत सांगणे अवघड आहे. एकदा करून पाहावे.

पुष्कळ हौशी मंडळी यापुढे गंजाच्या मागे लागतात. जिकडेतिकडे तांबडे डाग, ओघळ, भोके. मला हे पटत नाही. रोज वापरात असलेला, सैनिकांनी पुसूनपासून ठेवलेला रणगाडा भंगारातल्या पत्र्यासारखा गंजत नाही. त्याच्यावर असते ती धूळ आणि चिखल.

चिखलात माझी दुसरी चूक झाली. अंगणाजवळच्या मुरमाड माळावरची माती मी वस्त्रगाळ केली, डिंकात कालवली आणि चाकांना फासली. दिसायला झकास दिसत होती. भाऊंनी पाहिले आणि ते हसले. “सर, हे तं भाटा हाय. तिकडं नदीकाठी भाटा कुठून येईन जी?” छत्तीसगडचा शेतकरी मातीला भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशा नावांनी ओळखतो. भाटा म्हणजे तांबडी, खडीची, माळरानाची. पंजाबच्या नद्यांनी आणून टाकलेला गाळ तांबडा नसतो, फिकट करडा-पिवळसर असतो. माझा रणगाडा रायपूरच्या माळावर फिरून आला होता, बसंतर ओलांडून नव्हे. चाके धुऊन पुसावी लागली, दोन चकत्या भिजून सुटल्या. मग पिवळसर मटासी आणून तिच्यात राख मिसळली. ती रंगाने पुष्कळ जवळची ठरली. मातीचे ज्ञान भाऊंना शेतातून आले होते.

एक निर्णय उरला : गोळा लागल्याची खूण दाखवायची की नाही? काळी काजळी, फाटलेला पत्रा, हे रंगवणे कठीण नाही. उलट त्यानेच पाहणारा चटकन थबकतो. आम्ही त्यावर दोन संध्याकाळी बोललो. खरा ‘फामागुस्ता’ त्या लढाईत शत्रूच्या हाती गेला, पुढे भारताला परत मिळाला, डागडुजी होऊन आता नगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. म्हणजे त्याचे तीन काळ झाले : निघतानाचा, जळतानाचा आणि जपून ठेवलेला. भाऊंनी निघतानाचा निवडला. चौघे आत आहेत आणि चौघेही जिवंत आहेत, असा.

रणगाड्यांच्या दुसऱ्या बाजूलाही माणसेच असतात. २००१ साली अरुण यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी ते उतरले त्या ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासर यांनी परतण्यापूर्वीच्या रात्री त्यांना सांगितले, की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. ते १३ लान्सर्सचे अधिकारी होते. वडिलांनी ते ऐकून घेतले. यजमान आणि पाहुणा हे नाते त्यांनी मोडले नाही.

हे ऐकल्यावर भाऊ काही वेळ गप्प होते. मग त्यांनी पॅटनचे बाजूने काढलेले छायाचित्र आहे का, असे विचारले. ते मिळाले. त्यांनी पट्टी ठेवली, धडाची लांबी मोजली, वहीचे नवे पान उघडले, आणि मी न सांगताच वर लिहिले : एकास पस्तीस.

स्वाध्याय

१. बुरूज बसवल्यावर दिसणार नसतानाही भाऊंनी चार माणसे आत ठेवली. त्यांनी असे का केले असावे? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.
२. ‘रंगाचा हात देणे’, ‘पाय रोवणे’, ‘धारातीर्थी पडणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
३. भाऊंची बोली आणि लेखकाची भाषा यांतील फरक दाखवणारी तीन वाक्ये पाठातून निवडा व ती प्रमाण मराठीत लिहा.
४. तुमच्या भागातील मातीच्या प्रकारांना कोणती नावे आहेत? घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
५. तुमच्या कामाच्या ठिकाणची एखादी वस्तू निवडा. तिची लांबी, रुंदी व उंची मोजा, एकास दहा प्रमाणात तिची मापे काढा आणि तिची प्रतिकृती करण्याची कृती क्रमाने लिहा.